मेंदूमृत्यू आणि स्कॅन : गैरसमज व वस्तुस्थिती

"ब्रेन डेड म्हणता, मग छाती कशी हलतेय? एखादा स्कॅन तरी करा!" आयसीयूबाहेरच्या नातेवाइकांची ही मागणी रास्त आहे. छाती व्हेंटिलेटरमुळे हलते. हृदयाला ठोक्यांसाठी मेंदूचा हुकूम लागत नाही. प्राणवायू मिळतो तोवर ते काही काळ चालू राहतं.

पण स्कॅन नाही म्हणजे निदान कच्चं, हे खरं नाही. आपल्याकडे 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा रुग्णाला तपासतं. उजेडाने बाहुल्या आकसतात का, घशात नळी हलवल्यावर खोकला येतो का, व्हेंटिलेटर थांबवल्यावर स्वतःचा श्वास सुरू होतो का, हे पाहतात. कायद्याने स्कॅन सक्तीचा नाही. चेहऱ्याला जबर मार असेल, फुप्फुसं इतकी खराब असतील की श्वासाची चाचणी झेपणार नाही, अशा वेळी तो मोलाचा ठरतो.

हा स्कॅन मेंदूतले विचार टिपतो, असंही अनेकांना वाटतं. तो टिपतो फक्त रक्तपुरवठा. टेक्नेशियम-99एम जोडलेलं औषध शिरेतून देतात; जिवंत पेशींपर्यंत रक्त पोचत असेल तर ते मेंदूत शिरून तिथेच थांबतं. मेंदूला प्रचंड सूज आली की कवटीतला दाब रक्तदाबाच्या वर जातो आणि रक्त वर चढूच शकत नाही. मग गॅमा कॅमेऱ्यावर कवटी रिकामी दिसते. चेहऱ्याकडचा प्रवाह मात्र चालू असल्याने नाक ठळक उमटतं. डॉक्टर त्याला 'हॉट नोज' म्हणतात. या औषधाने मूत्रपिंडांना इजा होत नाही, त्यामुळे अवयवदानाला बाधा येण्याची भीतीही नको.

सर्वांत क्लेशदायक गैरसमज म्हणजे स्कॅनमध्ये थोडा प्रवाह दिसला की रुग्ण बरा होणार. दाब कमी करायला कवटीचा तुकडा काढला असेल, किंवा तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसेल, तर दाब तितका चढत नाही आणि मेंदूचं काम थांबल्यावरही रक्त फिरताना दिसू शकतं. अशा वेळी डॉक्टर मृत्यू जाहीर करत नाहीत. ते थांबतात आणि पुन्हा तपासतात, आणि मला हेच योग्य वाटतं.

मुलांच्या बाबतीत सावधगिरी अधिक हवी. अमेरिकेतल्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांच्या दोन तपासण्यांत किमान 12 तास जाऊ द्यावे लागतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय गर्भकाळ धरून 37 आठवडे होईपर्यंत त्याला मेंदूमृत ठरवतच नाहीत. लहानांचा स्कॅन मोठ्यांच्या मापाने वाचू नये.

असा प्रसंग कुणावर आलाच, तर डॉक्टरांना थेट विचारा : कोणत्या तपासण्या झाल्या, कोणती होऊ शकली नाही आणि का? स्कॅन हवा की नको, याचं उत्तर त्यातच मिळेल.