माळवदाची दुरुस्ती व कंत्राटदाराची पारख

सोलापुरात सात रस्त्यावर उभे राहून घरदुरुस्तीसाठी चांगला कंत्राटदार कोण, असे विचारावे, तर सात वाटांनी सात नावे कानी येतात. सुगीचा पैसा हाती आला म्हणजे आमचे पुष्कळ शेतकरी बंधू त्यांतील सर्वांत कमी दर सांगणाऱ्यास विसार देऊन गावी परततात. बैल घेताना दात पाहणारा, चालवून पाहणारा मनुष्य घराच्या बाबतीत इतका भोळा का व्हावा, याचे आम्हांस नवल वाटते.

आपल्याकडे दगडमातीच्या भिंती व वर माळवद अशी घरे अद्याप आहेत. माळवद गळू लागले की आणखी मातीचा थर चढवावयाचा, ही जुनी रीत. १०० चौरस फुटांवर एक फूट माती म्हणजे एक ब्रास. तिचे वजन साडेचार टनांच्या आसपास भरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीस भूकंप होऊन सात हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांतील पुष्कळ जण अशाच जड माळवदांखाली गाडले गेले. भिंतींची आतली व बाहेरची बाजू जखडणारे आरपार दगड तेथे बहुधा घातलेलेच नव्हते.

म्हणून कंत्राटदार घरी आला म्हणजे तो प्रथम काय पाहतो, तिकडे लक्ष द्यावे. जो शिडी लावून वर चढतो, मातीचा थर मोजतो, तुळयांची भिंतीतील टोके कुजली आहेत काय हे टोचून पाहतो आणि ‘आधी माती उतरवा, मग बोलू’ असे सांगतो, त्याचा दर जास्त असला तरी तो आम्हांस पसंत. अंगणातूनच आकडा सांगणाऱ्यास चहा पाजून वाटेस लावावे.

त्याचे जुने काम पाहावयाचे ते दोन पावसाळे सोसलेले. आणि विचारावयाचे ते घरधन्यास नव्हे, घरच्या बाईंना. गळतीखाली भांडी त्यांनाच मांडावी लागतात. मोजणी कशी होणार, सिमेंट-वाळू कोण आणणार, आरपार दगड किती अंतरावर बसणार, उतरलेली माती कोठे जाणार, हे सारे कागदावर असावे. कंत्राटदार नातलग असल्यास तर अवश्य असावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत व दहावा हिस्सा मृगाचा पाऊस होऊन जाईपर्यंत राखून ठेवावा. मात्र ही अट विसार देतानाच बोलून घ्यावी; काम झाल्यावर काढल्यास तो गवंड्यावर अन्याय होईल.