पाच मीटरची वायर

मतदान सात वाजता सुरू होणार असलं तरी गारगोटीतल्या मतदान केंद्रांवर उमेदवारांचे प्रतिनिधी साडेपाचलाच हजर असतात. आधी मॉक पोल. किमान 50 मतं टाकायची, यंत्राचा निकाल आणि चिठ्ठ्या ताडून पाहायच्या, सगळं पुसायचं आणि सील लावायचं.

आता ते यंत्र नीट बघा. बटणांचं युनिट आडोशाला, कंट्रोल युनिट अधिकाऱ्याच्या टेबलावर, आणि मधली वायर पाच मीटरची. त्यापुढं काही नाही! इंटरनेट नाही, वाय-फाय नाही, ब्लूटूथ नाही. बटण दाबलं की व्हीव्हीपॅट या छपाईयंत्राच्या काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि खाली पडते. सातासमुद्रापार बसलेल्या हॅकरला तारेवरून या मतापर्यंत यायला वाटच नाही.

मग परका हात शिरणार कुठून? 13 डिसेंबर 1942 ला याच गावातल्या कचेरीवर चालून गेलेले सात जण हुतात्मा झाले, तेव्हा परकी सत्ता निदान डोळ्यांना दिसत होती. आता ती आपल्याच मोबाईलमधून कान भरते. गारगोटी ज्यात येते त्या कोल्हापूर मतदारसंघात 7 मे 2024 ला लोकसभेचं मतदान झालं. त्याच महिन्यात स्टॉइक ही इस्रायली कंपनी भारताच्या निवडणुकीवर एआयकडून कॉमेंट लिहून घेत होती : भाजपवर टीका, काँग्रेसची भलामण. हे त्या एआयची कंपनी ओपनएआयनं महिनाअखेरीच्या अहवालात जाहीर केलं. 24 तासांच्या आत हा उद्योग रोखला, त्याचा फारसा परिणामही झाला नाही, असं त्यांचं म्हणणं. तरी नवल उरतंच : गर्दीचा आवाज काढायला आता गर्दी लागत नाही.

पैशाची वाट कायद्यानं अडवलेली आहे; पक्षांना परदेशी देणगी घेता येत नाही. पण निवडणूक रोख्यांत देणारा कोण, हेच मतदाराला कळत नसे. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवले, ते मतदाराच्या माहितीच्या हक्कासाठी.

राहिली अफवा. मत बदलता आलं नाही, तरी ते बदललं असं तुम्हाला वाटलं की काम फत्ते. त्यावरचा उतारा साधा कागद आहे. मतदान संपलं की ‘क्लोज’ बटण दाबतात, एकूण मतं नमुना 17सी वर लिहितात आणि त्याची प्रत प्रतिनिधींना देतात. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा या कागदाशी ताडता येतो. म्हणून ‘मतं वाढली’ असा मेसेज आला, तर आधी आपल्या केंद्रावरच्या प्रतिनिधीला गाठा आणि 17सी वरचा आकडा विचारा.

आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर मुकाट्यानं घरी परतू नका. ओळख पटवा आणि प्रदत्त मतपत्रिका मागा. ती वेगळ्या पाकिटात जपून ठेवतात. निकालाचा वाद न्यायालयात गेला, तर ती उघडता येते.