उरलेले सँडविच आणि खरी बचत

घरखर्चाचा हिशेब मांडताना आपण भाडे, वीज, शाळेची फी, किराणा हे मोठे आकडे लिहितो. ताटात, डब्यात किंवा ओट्यावर उरलेल्या अन्नाचा आकडा मात्र कुठेच लिहिला जात नाही. त्याचे पैसे आधीच किराण्याच्या आकड्यात गेलेले असतात. सकाळच्या घाईत ब्रेडचे सँडविच करणाऱ्या घरांत तर एखाददुसरे सँडविच उरतेच. त्याचे काय करावे आणि त्यातून खरोखर किती पैसे वाचतात, हे एका उदाहरणाने पाहू.

एका सँडविचची किंमत किती?

समजा, १६ स्लाइसचे ब्रेडचे पाकीट ४८ रुपयांना मिळते. म्हणजे एक स्लाइस ३ रुपयांचा. दोन स्लाइसचे ६ रुपये, लोण्याचे ५ रुपये, बटाटा, भाजी आणि चटणीचे ५ रुपये धरले तर एक सँडविच १६ रुपयांना पडते. आठवड्यात दोन सँडविचेस टाकली गेली तर ३२ रुपये गेले. वर्षाच्या ५२ आठवड्यांत ही रक्कम १,६६४ रुपये होते. तुमच्या गावातले भाव वेगळे असतील. आपल्या भावाने हाच हिशेब एकदा करून पाहा.

आधी पाहा, ते खाण्याजोगे आहे का?

पैसे वाचवण्याच्या नादात तब्येत बिघडली, तर दवाखान्याचा एकच खर्च वर्षभराची बचत खाऊन टाकतो. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात अन्नातील जंतू झपाट्याने वाढतात. आपल्याकडे स्वयंपाकघराचे तापमान बाराही महिने याच टप्प्यात असते. म्हणून पुढील गोष्टी पाळा.

• काकडी, टोमॅटो, उकडलेला बटाटा, पनीर, अंडे, चिकन किंवा मेयोनीज असलेले सँडविच दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिले असेल तर वापरू नका. कडक उन्हाळ्यात एक तासच धरा.

• मुलांच्या डब्यातून संध्याकाळी परत आलेले असे सँडविच टाकून द्या. यात काटकसर करू नका.

• ब्रेडला बुरशी दिसली तर तेवढाच भाग काढून उरलेला खाऊ नका. ब्रेड मऊ असल्याने बुरशीचे तंतू न दिसता आतपर्यंत गेलेले असतात.

मग करायचे काय?

सँडविच उरणार हे लक्षात येताच ते उघडून आतले सारण आणि ब्रेड वेगळे करा. ओले सारण ब्रेडला लगदा करते आणि मग दोन्ही वाया जातात. काकडी-टोमॅटो चिरून दह्यात घाला आणि ती कोशिंबीर लगेच संपवा. बटाट्याचे सारण झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पराठ्यात भरा किंवा कटलेटमध्ये मिसळून नीट भाजून घ्या.

ब्रेडचे तुकडे करून मोहरी, कढीपत्ता, कांदा आणि हळदीच्या फोडणीत परतले की ब्रेडचा उपमा होतो. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या घराला ही कृती वेगळी शिकवावी लागत नाही. कोरडे स्लाइस मंद तव्यावर कडक भाजून मिक्सरमधून काढले तर कटलेटला लावायचा चुरा घरीच तयार होतो. तो पूर्ण गार झाल्यावर कोरड्या बरणीत भरा.

न वापरलेला ब्रेड फ्रिजच्या खालच्या कप्प्यात लवकर कडक होतो. दोन-तीन दिवसांत संपणार नसेल तर घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तेवढाच काढून थेट तव्यावर भाजा.

संपवले म्हणजे वाचले असे नाही

येथे बहुतेक घरांचा हिशेब चुकतो. सँडविचचे १६ रुपये ते तयार झाले तेव्हाच खर्च झाले. ते खाल्ले काय किंवा टाकले काय, ते पैसे परत येत नाहीत. पोट भरलेले असताना ‘वाया नको’ म्हणून खाल्लेल्या घासाने एक पैसाही वाचत नाही. त्या उरलेल्या अन्नामुळे दुसरा एखादा खर्च टळला, तरच बचत होते.

दोन उदाहरणे पाहा.

पहिले: दोन उरलेल्या सँडविचेसच्या ब्रेडचा उपमा केला. कांदा, तेल, शेंगदाणे आणि गॅस मिळून १० रुपये लागले. त्यामुळे संध्याकाळी २० रुपयांचा एक असे दोन समोसे आणावे लागले नाहीत. ४० रुपये टळले, १० खर्च झाले. बचत ३० रुपये.

दुसरे: पाकिटातले चार साधे स्लाइस उरले. लखनौचा शाही टुकडा किंवा हैदराबादचा डबल का मीठा ब्रेडचाच होतो, म्हणून घरी गोड केले. दूध ३० रुपये, तूप ३० रुपये, साखर ५ रुपये. १२ रुपयांचा ब्रेड वाचवायला ६५ रुपये घातले. त्या दिवशी १५० रुपयांची मिठाई आणायचीच होती, तर ८५ रुपये वाचले. तसे काही ठरले नव्हते, तर हा नवा खर्च झाला. आनंदासाठी जरूर करा, पण तो बचतीत लिहू नका.

वाचलेला पैसा बाजूला काढा

टळलेले ३० रुपये खिशातच राहिले तर दुसऱ्या कशात तरी जातात. म्हणून ज्या दिवशी खर्च टळला, त्याच दिवशी ती रक्कम वेगळ्या डब्यात टाका. आठवड्याला ३० म्हणजे चार आठवड्यांचे १२० रुपये झाले. पोस्टाच्या आवर्ती ठेव खात्यात महिन्याला किमान १०० रुपये आणि त्यापुढे १० च्या पटीत रक्कम भरता येते. मुदत पाच वर्षांची असते. १२० रुपयांप्रमाणे ६० हप्त्यांत ७,२०० रुपये जमा होतात आणि त्यावर व्याज वेगळे. खाते उघडताना असलेला व्याजदर त्या खात्याला मुदतभर लागू राहतो. हप्ता चुकल्यास १०० रुपयांमागे १ रुपया दंड पडतो, म्हणून दर महिन्याला जमेल तेवढाच हप्ता ठरवा.

या आठवड्यात एवढे करा

१. सात दिवस रोज काय उरले आणि किती, हे वहीत लिहा.

२. जे वारंवार उरते ते पुढच्या आठवड्यापासून कमी करा. रोज एक सँडविच उरत असेल तर एक कमीच बनवा. यात फोडणीचाही खर्च नाही.

३. तरीही उरलेच, तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

४. कोणता खर्च टळला ते लिहा. उत्तर ‘कोणताच नाही’ असेल, तर बचतीच्या रकान्यात शून्य लिहा.

५. टळलेली रक्कम त्याच दिवशी डब्यात आणि महिनाअखेर खात्यात भरा.