डिझेलचा काटा खोटं का सांगतो?

पाऊस पडून गेला. दोन दिवसांनी रानाला वाफसा आला. आता पेरणी केलीच पाहिजे. शेतकऱ्यानं आपला जुना ट्रॅक्टर बाहेर काढला. डिझेलच्या काट्याकडे पाहिलं. काटा अर्ध्यावर होता. अर्धी टाकी म्हणजे दिवस निघेल, असं त्याला वाटलं. पण एक एकरही झालं नाही, तोच ट्रॅक्टर फुरफुरला आणि बंद पडला. टाकी कोरडी होती.

बरं, डिझेल ओतलं की इंजिन लगेच चालू होतं का? नाही. टाकी कोरडी झाली की डिझेलच्या नळीत हवा शिरते. ती हवा काढावी लागते. त्यासाठी फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप मारायचा. आधी बुडबुडे येतात. मग नुसतं डिझेल येऊ लागलं की स्क्रू घट्ट करायचा. हे काम येत नसेल तर मिस्त्रीची वाट पाहावी लागते. वाफसा मात्र कुणाची वाट पाहत नाही.

अशा वेळी पुष्कळजण म्हणतात, "मीटर बिघडलं, नवं आणा." नवं मीटर येतं. पैसे जातात. काटा पुन्हा तसाच! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते. म्हणून आधी दोष कुठं आहे तो शोधावा. ते फार अवघड नाही.

काटा कसा चालतो?

टाकीत एक हलका तरंगा असतो. मिस्त्री त्याला फ्लोट म्हणतात. डिझेल वाढलं की फ्लोट वर येतो. डिझेल कमी झालं की खाली जातो. फ्लोटला एक दांडी असते. दांडीचं दुसरं टोक बारीक तारेच्या वेटोळ्यावर सरकतं. त्यामुळं वीज कधी कमी वाहते, कधी जास्त. जशी वीज वाहील तसा मीटरचा काटा हलतो. फ्लोट, दांडी आणि वेटोळं मिळून जो भाग होतो, त्याला आपण टाकीचं युनिट म्हणू.

वीज बॅटरीतून निघते. फ्यूजमधून मीटरमध्ये येते. मीटरमधून एक वायर टाकीच्या युनिटला जाते. मग परत जायला वायर कुठं आहे? ती बहुधा नसतेच. वीज टाकीच्या आणि चासीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत जाते. बॅटरीचं एक टोक त्या लोखंडाला जोडलेलं असतं. या परतीच्या वाटेला अर्थ म्हणतात. टाकी प्लास्टिकची असेल, तर अर्थसाठी वेगळी वायर असते.

वाट कुठंही तुटली की काटा खोटं सांगतो. चिखल, खत आणि ओल यांनी सांधे गंजतात. गोठ्यात उंदीर वायर कुरतडतात. म्हणून जुन्या गाडीत दोष बहुधा मीटरमध्ये नसतो. तो वायरमध्ये, सांध्यात नाहीतर युनिटमध्ये असतो.

तपासणी कशी करावी?

पहिली गोष्ट. टाकीत खरं डिझेल किती आहे ते पाहा. स्वच्छ कोरडी काठी टाकीत सरळ उभी घाला आणि बाहेर काढा. किती भिजली ते दिसेल. काडी पेटवून किंवा कंदील धरून टाकीत कधीही पाहू नका.

दुसरी गोष्ट. चावी फिरवा, इंजिन चालू करू नका. बाकीचे काटे आणि दिवे चालतात का ते पाहा. तेही बंद असतील तर फ्यूज पाहा. फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच ताकदीचा नवा घाला. त्या जागी साधी तार किंवा चांदी घालू नका. त्यानं वायर तापते आणि गाडी पेटू शकते.

तिसरी गोष्ट. टाकीचं झाकण घट्ट लावा. कुठं गळती नाही हे पाहा. चावी बंद करा. मग मीटरकडून आलेली वायर युनिटवरून काढा. चासीवरची एक जागा घासून स्वच्छ करा. वायरचं टोक तिथं टेकवून धरा. दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगा. त्यानं काट्याकडे पाहावं. काही गाड्यांत काटा भरलेल्याकडे जातो, काहींत रिकाम्याकडे. तो कुठं जातो याला महत्त्व नाही. तो जागचा हलतो की नाही, एवढंच पाहायचं. काटा हलू लागला की लगेच चावी बंद करा. नाही हलला तरी मनात दहा अंक म्हणून चावी बंद करा. फार वेळ धरलं तर मीटर जळू शकतं.

काटा हलला, तर मीटर आणि वायर दोन्ही चांगली आहेत. दोष युनिटमध्ये किंवा अर्थमध्ये आहे. वायर परत युनिटला लावा. मग एक वेगळी वायर घ्या. तिचं एक टोक युनिटच्या बाहेरच्या लोखंडाला आणि दुसरं चासीला जोडा. आता काटा बरोबर दाखवू लागला, तर अर्थ खराब होता. तिथला गंज, माती, रंग घासून काढा. स्क्रू घट्ट करा. काम झालं.

तरीही काटा चुकत असेल, तर युनिट खोलावं लागेल. फ्लोट फुटून त्यात डिझेल शिरलं की तो बुडतो आणि काटा सदा रिकामं दाखवतो. दांडी अडकली की काटा एकाच जागी राहतो. वेटोळं झिजलं की काटा मध्येच उड्या मारतो.

तिसऱ्या तपासणीत काटा हललाच नाही, तर मीटरपासून टाकीपर्यंत तात्पुरती दुसरी वायर ओढून पाहा. त्यानं काटा चालला, तर जुनी वायर तुटली आहे. तरीही चालला नाही, तर मीटरपर्यंत वीज येते का ते दिवा लावून पाहा. वीज येत असेल, तरच नव्या मीटरचा विचार करा.

सावधान!

जुन्या जीपमध्येही हीच रचना असते. पण गाडी पेट्रोलची असेल, तर टाकीजवळ ही तपासणी स्वतः करू नका. पेट्रोलची वाफ एका ठिणगीनं पेट घेते. ते काम मिस्त्रीकडे द्या. हल्लीच्या ज्या गाड्यांत संगणक असतो, त्यांच्या वायरींनाही हात लावू नका.

काठी जवळ ठेवा

काटा दुरुस्त होईपर्यंत काठीवर काम भागवा. टाकी रिकामी असताना एकेक करून ५ लिटर डिझेल ओता. दर वेळी काठी घालून खूण करा. या खुणा चाकूनं कोरा. रंग डिझेलमध्ये विरघळेल. ही काठी ट्रॅक्टरबरोबर ठेवा आणि शेतात जाण्यापूर्वी रोज पाहा. तिला ना वायर लागते, ना बॅटरी.

लक्षात ठेवा

१. आधी काठीनं मोजा.
२. मग फ्यूज पाहा.
३. मग वायर आणि अर्थ पाहा.
४. मग टाकीचं युनिट पाहा.
५. नवं मीटर सगळ्यांत शेवटी.