मूर्ती विरघळली, माती कुठे गेली?

पेणच्या गणेशमूर्तींची कीर्ती तुम्ही ऐकली असेलच. समजा, एक मूर्ती शाडूची आणि दुसरी प्लास्टर ऑफ पॅरिसची आहे. दोन्ही पाण्यात ठेवल्या तर काय होईल?

शाडू ही चिकणमातीच. पाण्यात तिचे कण सुटे होतात. गाळ निथळला, की तोच गोळा पुन्हा मळता येतो. प्लास्टरचे तसे नाही. जिप्सम हे खनिज सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापवले, की त्यातील बरेचसे पाणी निघून जाते व प्लास्टर मिळते. त्यात पाणी कालवताच पुन्हा घट्ट जिप्सम बनते. ते लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तोड काढली. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात या मूर्तीपासून अमोनियम सल्फेट हे खत आणि कॅल्शियम कार्बोनेट तयार होते.

वापरलेला माल टाकून न देता पुन्हा कामी लावणे, हेच चक्राकार अर्थव्यवस्थेचे सूत्र. पण शाडूची मूर्तीसुद्धा पेणच्या भोगावतीत किंवा रोह्याच्या कुंडलिकेत सोडली, तर माती गाळात जाते. चक्र तिथेच तुटते. म्हणून यंदा बादलीत विसर्जन करून पाहा. खाली बसलेली माती वाळवून मूर्तिकाराला परत द्या. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ हे मग मातीलाही लागू पडेल!