तलंग अंड्यावर येते तेव्हा

परसातल्या तलंगेचं पहिलं अंडं पाहून घरचं माणूस हमखास घाबरतं. ते लिंबाएवढं असतं, कवचावर रक्ताची रेघ असते, एखादं टोक सुरकुतलेलं असतं. फोडलं तर कधी आत बलकच नसतो, कधी दोन असतात. सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती कवच नसलेल्या अंड्याची. खुराड्याच्या भुशात ते ओलसर पडलेलं सापडतं. अंगठ्यानं हलकं दाबलं की खळगा पडतो, सोडलं की तो हळूहळू भरून येतो, आणि उजेडासमोर धरलं तर पापुद्र्याआड बलकाची सावली सरकताना दिसते. मग तालुक्याच्या दुकानातून टॉनिकची बाटली येते. ती विकत घेणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते, कारण कोंबड्या तिच्या, अंड्यांचे पैसे तिचे आणि बाटलीचा खर्चही त्याच पैशातून. म्हणून यातलं काय आपोआप निवळतं आणि कशाला खरंच हात घालावा लागतो, हे तिला कुणीतरी नीट सांगायला हवं.

एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. अंडाशयातून पिकलेला बलक सुटतो आणि अंडनलिकेत शिरतो. पुढच्या तीनेक तासांत त्याच्याभोवती पांढरा भाग जमतो, नंतर तासा-सव्वा तासात दोन पातळ पापुद्रे चढतात, आणि उरलेले १८ ते २० तास अंडं एकाच जागी थांबून कवच घेतं. नुकत्याच वयात आलेल्या कोंबडीत हा क्रम जुळलेला नसतो. दोन बलक एकदम सुटतात, किंवा बलक सुटायच्या आधीच नलिका कामाला लागते आणि बिनबलकाचं इवलंसं अंडं बाहेर पडतं. कवच पुरं होण्याआधीच अंडं ढकललं गेलं तर ते मऊ येतं. कवचावरची रक्ताची रेघ वाट पहिल्यांदा ताणली गेल्याची असते. बलकावरचा लाल ठिपका म्हणजे बलक सुटताना फुटलेली बारीक रक्तवाहिनी. असं अंडं खायला काहीच हरकत नाही. हे प्रकार काही आठवड्यांत आपोआप कमी होतात. तोवर कोंबडी खातेय, फिरतेय, उकरतेय ना, एवढंच पाहावं.

महिना उलटूनही कवच पातळच येत असेल, तर मात्र दाण्याकडे वळायला हवं.

कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि कोंबडीच्या साऱ्या सांगाड्यात मिळून ते असतं वीस ग्रॅमच्या आसपास. अंड्यावर येण्याआधीच्या दोनेक आठवड्यांत तलंगेच्या लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळं, मऊसर हाड तयार होतं. तो तिचा साठा. रात्री कवच चढत असताना खाण्यातून मिळालेलं कॅल्शियम संपलं की ती या साठ्यातून उचल करते. दुसऱ्या दिवशी खाण्यातून भरपाई झाली तर ठीक, नाहीतर साठा आटत जातो. पुढे कवच पातळ होतं, पाय लुळे पडतात, कोंबडी बसून राहते. पातळ कवच हातात आलं तेव्हा तिची हाडं आधीच झिजायला लागलेली असतात, हे अंडी विकत घेणाऱ्यालाही ठाऊक असावं असं मला वाटतं.

आता हिशेब पाहा. शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम असतं तीस मिलिग्रॅमच्या आसपास. तांदळाच्या कणीत आणि मक्यात तर त्याहून कमी. नाचणी या बाबतीत सगळ्या धान्यांच्या पुढे, पण तिच्यातही साडेतीनशे मिलिग्रॅमच. रोज अंडं देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं, म्हणजे शंभर ग्रॅममागे साडेतीन-चार ग्रॅम. आपल्या आज्यांच्या गावठी कोंबड्या कणी आणि उष्ट्या-खरकट्यावर निभावून न्यायच्या, कारण त्या वर्षाला ६०-७० अंडी द्यायच्या, दहा-पंधरा अंडी झाली की खुडूक बसायच्या, आणि त्या काळात त्यांची हाडं भरून यायची. आज परसात हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया येते, ती दुपटीहून जास्त अंडी देते आणि खुडूक सहसा बसत नाही. कोंबडी नवी आली आणि दाणा जुनाच राहिला. कवचाच्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं. सरकारी योजनेत २५ माद्या आणि ३ नर असा तलंगांचा गट मिळतो, त्यासोबत दाण्याचा हा हिशेबही प्रत्येक लाभार्थी बाईच्या हातात पडायला हवा.

उपाय स्वस्त आहे. शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवायचा. दाण्यात मिसळायचा नाही, कारण परसात पिल्लं, कोंबडे आणि अंड्यावरच्या कोंबड्या एकाच ताटात चोची मारतात, आणि पिल्लांना एवढं कॅल्शियम गेलं तर त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. वेगळा ठेवला की जिला गरज आहे ती आपण होऊन खाते. कोकण किनाऱ्यावर शिंपले वेचून, धुऊन, कुटता येतात. इतरत्र पशुखाद्याच्या दुकानात मिळतात. घरच्या अंड्यांची टरफलंही चालतात, फक्त तव्यावर कडक भाजून बारीक चुरावीत. अख्खी टरफलं टाकली तर कोंबड्यांना स्वतःची अंडी फोडून खायची खोड लागते.

वेळेचंही महत्त्व आहे. कवच मुख्यतः रात्री चढतं आणि रात्री कोंबडी खात नाही. म्हणून शिंपल्याचं वाडगं दुपारनंतर भरलेलं असावं. जाडसर तुकडे चिकनच्या दुकानात ज्याला पेटा म्हणतात त्यात रात्रभर रेंगाळतात आणि हळूहळू विरघळतात. पावडर लवकर पुढे निघून जाते. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरताना एकेकीच्या गळ्याखालची पिशवी चाचपून बघावी. ती टच्च भरलेली लागली पाहिजे. दिवसभर मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांना उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं, त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. कायम कोंडलेल्यांना ते खाद्यातूनच द्यावं लागतं.

विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातल्या घरांत एक वेगळीच तक्रार येते: बलक हिरवट-तपकिरी दिसतो, किंवा ठेवलेल्या अंड्याचा पांढरा भाग गुलाबी होतो. अशा वेळी गोठ्यात जाऊन बघावं. गव्हाणीत सांडलेली सरकी किंवा सरकीची पेंड कोंबड्या टिपत असतात. सरकीतल्या गॉसिपॉलमुळे बलक काळवंडतो, आणि तिच्या तेलातल्या काही आम्लांमुळे पांढरा भाग गुलाबी होतो. गव्हाणीची वाट बंद केली की काही दिवसांत अंडी पूर्ववत होतात. बलक नुसता फिकट असेल तर तो दोष नव्हेच. पिवळा मका किंवा हिरवा पाला कमी पडला, इतकाच त्याचा अर्थ.

रोगाची खूण वेगळी असते. एका तलंगेचं एक अंडं वाकडं आलं तर थांबावं. पण चार-पाच जणींची अंडी एकाच आठवड्यात खडबडीत, बेढब, पातळ पांढऱ्याची व्हायला लागली, संख्या घसरली, कोंबड्या शिंकताहेत, माना टाकताहेत, तर पशुवैद्यकाला बोलवावं. मानमोडीत असं होतं, संसर्गजन्य ब्रॉन्कायटिसमध्येही होतं. पिल्लू असताना ब्रॉन्कायटिस होऊन गेला असेल तर अंडनलिका कायमची अधू राहू शकते. तशी कोंबडी अंगानं भरते, खुराड्यात जाऊन बसते, पण अंडं देत नाही. तिच्यावर टॉनिकचे पैसे घालवू नयेत. आणखी एका विषाणूजन्य आजारात कोंबडी ठणठणीत दिसते, पण अंड्यांचा रंग उडतो आणि कवचं जातात. त्याचे विषाणू बदकांत मुक्काम करतात, म्हणून बदकं आणि कोंबड्या एकाच डबक्याचं पाणी पीत असतील तर ते आधी तोडावं. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा दोन महिन्यांच्या सुमारास दिलेली असली की मोठी चिंता टळते.

तातडीचा प्रसंग एकच. तलंग शेपटी खाली टाकून, पाय फाकवून उभी राहते, पुन्हा पुन्हा जोर करते आणि काहीच बाहेर येत नाही. अंडं अडकलेलं असतं. पोट दाबून ते काढू नये, आत फुटलं तर कोंबडी जाते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

राहतो उन्हाळा. धापा टाकताना कोंबडीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. त्यात ती खातेही कमी. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे शिंपले देऊनही कवच पातळ येतं ते यामुळे. सावली, दिवसातून दोनतीनदा बदललेलं गार पाणी, आणि दाणा पहाटे व दिवस मावळताना, एवढं हातात असतं. पण खरी सोय पिल्लं घेतानाच करावी. नोव्हेंबर-डिसेंबरची पिल्लं पाच-सहा महिन्यांनी ऐन उन्हात पहिलं अंडं देतात. सप्टेंबरची पिल्लं फेब्रुवारी-मार्चमध्ये अंड्यावर येतात आणि उन्हाचा तडाखा सुरू होईपर्यंत बऱ्यापैकी रुळतात. त्यामुळे विदर्भात पिल्लांची मागणी उबवणी केंद्राकडे पावसाळ्यातच नोंदवलेली बरी.