खरेदीमागचं मन : ७
पलंगाखालची बंद खोकी

क्रेडिट कार्ड आणि हप्त्यांचा विषय आज घ्यायचा होता. तो पुढे ढकलतो, कारण नाशिकहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय आणि त्याला उत्तर लगेच जायला हवं.

त्या लिहितात, ‘वडिलांनी आयुष्यभर काटकसर केली. कंपवाताची गोळी बदलली आणि वर्षभरात घरात तीन मिक्सर आले, घड्याळं आली. खोकी पलंगाखाली तशीच, न उघडलेली. विचारलं की चिडतात. या वयात स्वभाव असा बदलतो?’

ताई, आधी गोळीचं नाव बघा.

पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातात, मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. लेव्होडोपा या औषधापासून मेंदू डोपामिन बनवतो. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधं मात्र स्वतःच डोपामिनसारखं काम करतात आणि त्यांचा जोर डी-३ रिसेप्टरवर जास्त असतो. हे रिसेप्टर इच्छा आणि प्रेरणा जिथे घडतात त्या भागात दाटीने आढळतात. हात सुधारतो, पण काहींच्या मनात ‘हवंय, हवंय’ सुरू होतं. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यात ५.७ टक्के रुग्णांना खरेदीचा अनावर नाद होता, ५ टक्क्यांना जुगाराचा. खरेदी, जुगार, खाणं आणि कामेच्छा यांपैकी एक तरी ओढ हाताबाहेर गेलेले रुग्ण प्रामिपेक्सोल-रोपिनिरोलच्या गटातली औषधं घेणाऱ्यांत १७.१ टक्के होते, न घेणाऱ्यांत ६.९.

मग खोकी बंद का? याचं उत्तर मला या साऱ्या विषयातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं. समोर अन्न असूनही ते उंदीर खायला जाईनात. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीइतक्याच आवडीने जीभ चाटत. म्हणजे हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोपामिन मुख्यतः पहिली चालवतं. वडिलांची ओढ ऑर्डर देईपर्यंत पेटलेली असते. वस्तू हातात आली तरी आवड वाढलेली नसते, मग खोकं उघडायचं कशासाठी?

गोळी न घेणाऱ्यांच्या खरेदीच्या नादामागे उदासी, एकटेपणा, चिंता अशी अनेक कारणं असतात; ती आपण पाहत आलोय. पण ओढ आणि आनंद यांची ही फारकत त्यांच्यातही दिसते. म्हणून ‘एवढं घेऊन समाधान कसं होत नाही?’ हा प्रश्न त्यांना विचारू नये. त्याचं उत्तर त्यांच्याजवळही नसतं.

ताई, गोळी घरच्या घरी बंद करू नका. एकदम थांबवली तर चिंता, नैराश्य, घाम, वेदना असा त्रास होऊ शकतो. न्यूरॉलॉजिस्टना खरेदीचं सगळं स्पष्ट सांगा. वडील लाजेने सांगणार नाहीत, ते तुम्हालाच सांगावं लागेल. डोस कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर पुष्कळांचा हा नाद ओसरतो. तोवर त्यांच्या फोनमधलं कार्ड काढून ठेवा, आणि वडिलांना सांगा की हा दोष तुमचा नाही.

हप्त्यांचं पुढच्या आठवड्यात.